आर्केड शूटिंग गेम : सराव नेमका कसा करावा?

मुलुंडचा_मावळा

नमस्कार.

नव्वदच्या दशकात दादर-ठाण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन विकत घेऊन विमानांचे आणि अवकाशयानांचे शूटिंग गेम खेळणाऱ्या पिढीतला मी आहे. पार्लर बंद पडत गेली तसा तो नादही सुटला. आता मुलगा मोठा झाला आहे आणि संध्याकाळी थोडा वेळ हाताशी राहतो, म्हणून केव्ह या जपानी कंपनीचा ‘मुशिहिमेसामा’ हा गेम संगणकासाठी विकत घेतला. हा मुळात २००४ सालचा आर्केड गेम असून त्यात पाचच स्टेज आहेत.

अडचण अशी की कंटिन्यू करत (म्हणजे हरल्यावर तिथूनच पुढे खेळत) राहिल्यास शेवटच्या बॉसपर्यंत, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत, सहज पोहोचता येते, पण त्यात आपण काही कमावले असे वाटत नाही. आणि एकाच क्रेडिटवर, म्हणजे एका टोकनात कंटिन्यू न करता, खेळायचे ठरवले तर तिसऱ्या स्टेजच्या पुढे मजल जात नाही. तिथे एक लाइफ जाते आणि त्या गडबडीत लगेच दुसरीही जाते. रोज पहिल्यापासून सुरुवात करत असल्यामुळे पहिल्या दोन स्टेज आता डोळे मिटून खेळता येतील, तिसरी मात्र होती तशीच आहे. गोळ्या कमी दिसतात म्हणून मी ‘ओरिजिनल’ मोड निवडला आहे आणि कीबोर्डवर खेळतो. वयामुळे नजर आणि बोटे मंदावली असे समजून नाद सोडावा, की या खेळांच्या सरावाची काही ठरलेली पद्धत असते?

दुसरा प्रश्न बंदुकीच्या गेमबद्दल आहे. माळ्यावर जुन्या टीव्ही गेमची बंदूक सापडली, ती मुलाला दाखवावी म्हणून सध्याच्या एलईडी टीव्हीला जोडून पाहिली. गेम चालतो, परंतु एकही बदक मरत नाही. बंदूक बिघडली असावी का? आणि मॉलमधल्या गेम झोनमध्ये पैसे पाण्यासारखे न घालवता या प्रकाराची मजा घेता येते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ग्रँटरोडकर

वयाचा मुद्दा आधी बाजूला ठेवू या. या प्रकारच्या गेममध्ये चपळाई लागते, पण आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी लागते. शत्रू कुठून आणि कोणत्या क्रमाने येणार हे बहुतेक ठरलेले असते, त्यामुळे गोळी पाहून बाजूला होणारा खेळाडू आणि गोळी सुटण्याआधीच योग्य जागी जाऊन उभा राहणारा खेळाडू यांत दुसराच पुढे जातो. तुम्हाला पहिल्या दोन स्टेज ‘डोळे मिटून’ येतात, म्हणजे तुम्ही त्या पाठ केल्या आहेत. तिसरी तुम्ही अजून पाठ केलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

गोळ्यांकडे पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की ही गोळी माझ्यावर नेम धरून आली आहे की ती तशीही तिथेच जाणार होती. नेम धरून आलेली गोळी ती सुटली त्या क्षणी तुम्ही जिथे होता तिथे जाते, तुमचा पाठलाग करत नाही. त्यामुळे तिच्यासाठी किंचित सरकणे पुरते, आणि सलग नेम धरून मारा होत असेल तर पडद्याच्या एका कडेपासून दुसरीकडे अगदी सावकाश, एकाच दिशेने सरकत राहावे. कडेला पोहोचण्याच्या थोडे आधी चटकन एक मोठी उडी घेऊन गोळ्यांच्या रांगेत फट पाडावी आणि उलट दिशेने तेच पुन्हा सुरू करावे. नवे खेळाडू इथे घाबरून डावी-उजवीकडे धावतात, त्यामुळे नेम धरलेल्या गोळ्या सगळ्या पडद्यावर पसरतात आणि नसलेली अडचण आपणच उभी करतो. ठरलेल्या आकृतीत येणाऱ्या गोळ्यांचे उलटे असते. तिथे तुमच्या हालचालीचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून फट कुठे पडते ते लक्षात ठेवून आधीच तिथे जावे लागते. आपली लाइफ या दोहोंपैकी कशामुळे गेली हे दर वेळी ओळखायची सवय लावली की निम्मा सराव झाला म्हणून समजा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ‘मुशिहिमेसामा’च्या ओरिजिनल मोडमध्ये गोळ्या कमी असतात हे खरे, पण त्या वेगाने येतात. ‘मॅनिअॅक’मध्ये पडदा गोळ्यांनी भरून जातो, परंतु गोळ्यांचा वेग कमी असतो. ज्यांना विचार करायला थोडा अवधी लागतो, त्यांना कधी कधी ही दाट पण संथ गर्दीच सोपी जाते. दोन्ही मोड खेळून पाहा आणि मग ठरवा. पडदा भरलेला पाहून छाती दडपते, पण या गेममध्ये गोळी लागली असे धरले जाणारे क्षेत्र, म्हणजे हिटबॉक्स, तुमच्या आकृतीच्या मध्यभागी अगदी बारीक असतो. पंखाला, पायाला गोळी चाटून गेली तरी काही होत नाही. १९९७ च्या ‘दोदोनपाची’मध्ये तर फायरचे बटण दाबून धरले की लेझर सुरू होतो आणि यान आपोआप संथ चालू लागते, जेणेकरून बारीक फटीतून जाता यावे. नजर यानावर खिळवून ठेवू नये. ती यानाच्या थोडी वर, जिथून गोळ्या येत आहेत तिथे असावी. यान डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत राहते.

आता तिसऱ्या स्टेजबद्दल. रोज पहिल्यापासून खेळणे हा सराव नसून परीक्षा आहे, आणि रोज नुसती परीक्षा देऊन कोणी पास होत नाही. स्टेज निवडण्याची किंवा सेव्ह स्टेटची (खेळ हव्या त्या क्षणी जतन करून तिथूनच पुन्हा सुरू करण्याची) सोय असेल तर तिसऱ्या स्टेजच्या सुरुवातीपासूनच खेळा आणि जिथे अडता त्याच्या थोडे आधीपासून तो तुकडा पुन:पुन्हा घोटा. मात्र सराव सुरू करताना यानाची ताकद आणि बॉम्बची (अडचणीच्या वेळी वापरायच्या मोजक्या मोठ्या हल्ल्यांची) संख्या प्रत्यक्ष खेळात तिथे पोहोचताना असते तेवढीच असली पाहिजे, नाहीतर सराव एका गेमचा आणि परीक्षा दुसऱ्याच गेमची होते. कोनामीच्या १९८५ च्या ‘ग्रॅडियस’सारख्या गेममध्ये याचे महत्त्व फार आहे. तिथे लाइफ गेली की गोळा केलेली सगळी शस्त्रे जातात आणि मागच्या ठरावीक जागेपासून रिकाम्या हाताने सुरुवात करावी लागते, म्हणून रिकाम्या हाताने सावरणे हा तिथे स्वतंत्र अभ्यासाचा विषय होतो.

बॉम्बबद्दल थोडक्यात: तुमची दुसरी लाइफ पहिलीच्या पाठोपाठ जाते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून बॉम्ब शिल्लक राहत असावेत असा माझा कयास आहे. नव्या लाइफबरोबर बॉम्बचा ठरलेला साठा बहुतेक गेममध्ये पुन्हा मिळतोच, त्यामुळे न वापरलेले बॉम्ब फुकट जातात. संकट आल्यावर वापरू असे म्हणू नका, कारण संकट आले तेव्हा बोट वेळेवर चालत नाही. कोणत्या जागी बॉम्ब टाकायचा हे घरातून निघतानाच ठरलेले असावे.

कीबोर्डबद्दल इतकेच की अनेक साध्या कीबोर्डवर काही विशिष्ट तीन कळा एकाच वेळी दाबल्या तर तिसरी नोंदवलीच जात नाही. तिरपे जाताना फायर बंद पडत असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही. वायरवाला साधा गेमपॅड घ्या. टीव्हीवर खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करा, कारण चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो.

शेवटचे_टोकन

ग्रँटरोडकर यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण सेव्ह स्टेटबद्दल माझे मत वेगळे आहे. पार्लरमध्ये आपल्याला ही सोय नव्हती आणि तरीही लोक शिकत होते, कारण आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहत उभे राहावे लागे. त्या पाहण्यातच शिकणे होते. आज त्याची जागा चांगल्या खेळाडूंच्या संपूर्ण खेळाच्या व्हिडिओंनी घेतली आहे. मी आधी एक व्हिडिओ लक्षपूर्वक पाहतो, कोणत्या क्षणी खेळाडू कोणत्या कडेला आहे ते वहीत लिहितो आणि मग खेळतो. तुकडे घोटत बसले की गेमचा चढता ताण अनुभवाला येत नाही आणि खेळाचे रूपांतर गृहपाठात होते, असे मला वाटते.

ग्रँटरोडकर

ज्यांच्याकडे मोकळी संध्याकाळ आहे त्यांनी खुशाल पहिल्यापासून खेळावे. ज्यांना मुलुंडची लोकल पकडून घरी पोहोचल्यावर जेमतेम थोडा वेळ उरतो, त्यांचा सगळा वेळ पाठ असलेल्या दोन स्टेजवर खर्च करायला सांगणे मला पटत नाही. व्हिडिओ पाहण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

चौपाटीवाली

बंदुकीच्या प्रश्नाचे उत्तर देते. तुमची बंदूक बहुधा ठणठणीत असावी. अडचण टीव्हीची आहे. निन्टेंडोच्या १९८४ च्या ‘डक हंट’ची बंदूक पडद्याकडे काही सोडत नाही, उलट पडद्याचा उजेड टिपते. तुम्ही घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक मेले असे गेम समजतो. आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेलेल्या नकली संचांतही हीच युक्ती होती. हे सगळे ट्यूबवाल्या टीव्हीचा उजेड कधी आणि कसा पडतो यावर बेतलेले आहे. एलईडी टीव्ही चित्र थोडे उशिरा दाखवतो, त्यामुळे बंदूक पाहते तेव्हा पांढरा चौकोन आलेलाच नसतो. चोर बाजारात किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडे चालू अवस्थेतला छोटा ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर मुलाला बदके मारता येतील, पण तो विजेवर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. नव्या टीव्हीवरच खेळायचे असेल तर सिन्डेन नावाची बंदूक मिळते. तिच्यात कॅमेरा असून चित्राभोवती आखलेली पांढरी चौकट पाहून ती नेम ओळखते. मात्र ती परदेशातून मागवावी लागते, म्हणून आधी खर्चाचा हिशेब करा.

मॉलमधल्या यंत्रांवर पैसे वाचवण्याचा उपाय म्हणजे आधी दुसऱ्याचा खेळ पाहणे. शनिवार-रविवारी रांग असते, तेव्हा कार्ड रिचार्ज न करता नुसते उभे राहा. शत्रू कोणत्या खिडकीतून, कोणत्या पिंपामागून उठतो हे दर वेळी तेच असते. खेळायला कामाच्या दिवशी दुपारी जा. अनेक ठिकाणी त्या वेळी दर कमी असतो आणि मागे कोणी ताटकळत नसल्यामुळे हातही स्थिर राहतो.

पैसे भरल्यावर सर्वांत आधी बंदूक खरी आहे का ते पाहावे. जुहूच्या चौपाटीवर फुगे फोडण्याच्या छऱ्याच्या बंदुकीत पहिला छरा कुठे गेला हे पाहून पुढचा नेम त्या अंदाजाने हलवावा लागतो, तसेच इथेही करावे. पहिल्या दृश्यात भिंतीवर किंवा काचेवर एक गोळी झाडून खूण कुठे उमटते ते पाहा. फारच फरक असेल तर तिथल्या माणसाला सांगा. यंत्राच्या आतल्या मेनूतून बंदूक पुन्हा जुळवून देता येते, आणि दोन मिनिटांचे काम असल्यामुळे भला माणूस ते करूनही देतो. मी तर दोन बंदुकांपैकी कोणती बरी आहे हे आधीच्या खेळाडूच्या खेळावरूनच हेरून ठेवते.

बाकी तंत्र गेमनुसार बदलते. नाम्कोच्या १९९५ च्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये पायाखालचे पेडल दाबले की आडोशातून बाहेर आणि सोडले की परत आडोशाला जाता येते, आणि आडोशाला गेले की गोळ्या आपोआप भरल्या जातात. इथे नेमापेक्षा पाय महत्त्वाचा आहे, परंतु लपून राहायचे म्हटले तर वेळ संपत जातो, म्हणून हा गेम सतत तुम्हाला बाहेर ओढतो. सेगाच्या १९९४ च्या ‘व्हर्च्युआ कॉप’मध्ये शत्रूभोवतीचे वर्तुळ हिरव्यावरून लाल होत जाते. लाल म्हणजे तो आता गोळी झाडणार, त्यामुळे आधी लाल वर्तुळाला मारावे. सवय झाली की मग शत्रूच्या हातातले शस्त्र उडवून जादा गुण मिळवण्याचा नाद लागतो. सेगाच्याच ‘द हाउस ऑफ द डेड’मध्ये पडद्याबाहेर गोळी झाडून बंदूक भरावी लागते. तिथे झॉम्बी अंगावर येईपर्यंत बंदूक रिकामी ठेवणारे खेळाडू मी नेहमी पाहते. दोन झॉम्बींच्या मध्ये जरा उसंत मिळाली की गोळ्या शिल्लक असल्या तरी भरून घ्यावी. कोपर शरीराजवळ ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे राहू द्या. मुलाला सोबत घेऊन दोघे खेळणार असाल तर पडदा डावा-उजवा वाटून घ्या. दोघेही एकाच झॉम्बीवर तुटून पडलात तर मागचा तुम्हाला खाणारच.

सायडिंगचा_स्टेशनमास्तर

वरील चर्चा ‘पूर्ण कसा करावा’ याभोवतीच फिरते आहे. गेम संपवणे हा खेळण्याचा एक मार्ग झाला. मला स्वतःला गुणांची शिकार अधिक प्रिय आहे, आणि ती या प्रकाराच्या मुळापासूनच आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला टायटोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला. त्याला शेवट असा नाहीच, फक्त गुण आहेत. त्यात वरून अधूनमधून जाणारी तबकडी पाडली की किती गुण मिळतील हे वरवर पाहता नशिबावर दिसते. प्रत्यक्षात ते तुम्ही झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरते. फेरीतली २३ वी गोळी आणि त्यानंतरची प्रत्येक १५ वी गोळी तबकडीला लागली तर ३०० गुण मिळतात. म्हणजे शत्रू खाली उतरत असताना मनातल्या मनात गोळ्या मोजत राहायच्या. शत्रू कमी होतील तसा त्यांचा वेग वाढतो, कारण कमी आकृत्या काढायच्या असल्या की ते जुने यंत्र भराभर चालू लागते. निशिकादोंनी तो परिणाम तसाच राहू दिला. तेव्हा मोजणी चुकवायला गेमही तयारच असतो. एवढ्या साध्या गेममध्ये हे सगळे दडलेले आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

नाम्कोच्या १९८१ च्या ‘गॅलागा’मध्येही असाच सौदा आहे. शत्रूला आपले एक यान मुद्दाम पकडू द्यायचे आणि मग ते सोडवून दोन याने जोडून खेळायचे. मारा दुप्पट होतो, पण गोळी लागण्याची जागाही दुप्पट होते. याचा सर्वांत मोठा फायदा बक्षिसाच्या फेरीत होतो, कारण तिथे चाळीसच्या चाळीस शत्रू टिपले तर मोठे बक्षीस मिळते आणि त्या फेरीत कोणी उलट गोळी झाडत नाही.

ज्यांना चक्रमपणा आवडतो त्यांनी १९९६ चा ‘बॅटल गॅरेगा’ अवश्य पाहावा. त्यात तुम्ही जितक्या गोळ्या झाडाल आणि जितकी शस्त्रे गोळा कराल तितका गेम आतल्या आत अवघड होत जातो, आणि लाइफ गमावली की तो पुन्हा थोडा नरमतो. त्यामुळे जाणते खेळाडू विनाकारण गोळी झाडत नाहीत आणि ठरवून, योग्य जागी लाइफ घालवतात, कारण गुणांवर नवी लाइफ मिळत राहते. याच्या उलट टोकाला ट्रेझरचा २००१ चा ‘इकारुगा’ आहे. त्यात यान काळे किंवा पांढरे होते आणि आपल्या रंगाच्या गोळ्या गिळते, म्हणून एकही गोळी न झाडता तो संपवणारे लोक आहेत. बॉसही ठरावीक वेळ थांबून निघून जातात.

मुलुंडकर, तुमच्याकडे वेळ कमी असेल तर पाच मिनिटांचा खेळ हा उत्तम पर्याय आहे. हडसन कंपनीने १९८५ साली जपानभर ‘कॅरव्हॅन’ नावाच्या स्पर्धा सुरू केल्या, त्यांत ठरलेल्या मिनिटांत सर्वाधिक गुण मिळवायचे असत. हॅमस्टर कंपनीच्या ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेतले जुने गेम निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशनवर मिळतात आणि त्यांत पाच मिनिटांचा कॅरव्हॅन मोड असतो. तिथे लाइफ किती उरल्या याची चिंता बाजूला पडते आणि प्रत्येक सेकंदाला जास्तीत जास्त शत्रू कसे टिपावेत एवढेच डोक्यात राहते. कंटिन्यूबद्दलची तुमची बोच इथे उद्भवतच नाही. माझ्या मते नवा गेम आणल्यावर पहिल्या रविवारी भरपूर कंटिन्यू वापरून शेवटपर्यंत पाहून घेण्यातही काही गैर नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळल्याशिवाय त्याचा अभ्यास तरी कशाचा करणार?

मुलुंडचा_मावळा

सर्वांचे मनापासून आभार. मॅनिअॅक मोड सुरू करून पाहिला आणि पहिल्या बॉसला नेम धरलेल्या गोळ्यांमधून सावकाश सरकून पार केले. दुसऱ्या बॉसने मात्र कोपऱ्यात गाठले. बॉम्ब खरोखरच शिल्लक राहत होते. मुलासाठी बंदूक तूर्तास माळ्यावरच परत जाईल, त्याऐवजी येत्या बुधवारी दुपारी मॉलमध्ये जायचे ठरले आहे.

आणखी एक शंका. हा गेम आडव्या पडद्याच्या मधल्या पट्टीतच दिसतो आणि गोळ्या फार बारीक वाटतात. मॉनिटर उभा करून खेळता येते असे वाचले, त्यासाठी काय पाहून मॉनिटर घ्यावा?

ग्रँटरोडकर

आर्केडमध्ये अशा गेमचा पडदा मुळातच उभा असे, त्यामुळे हा खर्च सत्कारणी लागेल. गेमच्या सेटिंगमध्ये चित्र फिरवण्याचा पर्याय आहे का ते आधी तपासा. लॅमिंग्टन रोडवर मॉनिटर घेताना स्टँड नव्वद अंशांत फिरतो का ते दुकानातच फिरवून पाहा; फिरत नसेल तर मागे चार स्क्रूंची भोके असलेला मॉनिटर घेऊन भिंतीवरच्या किंवा टेबलावरच्या वेगळ्या आधारावर तो उभा बसवता येतो. पडद्याचे पॅनल आयपीएस प्रकारचे असावे. स्वस्त टीएन पॅनल उभे केले की एका बाजूने रंग फिके दिसतात आणि त्या बाजूच्या गुलाबी गोळ्या दिसायलाच उशीर होतो. शक्यतो संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, कारण दुकानदाराला तेव्हा बॉक्स उघडून दाखवायची सवड नसते.